उमरखेडचे जुळे भाऊ

यवतमाळ

यवतमाळला निघाले आहे म्हटल्यावर पुण्यातल्या माझ्या माणसांनी दोनच गोष्टी विचारल्या. तिकडे ऊन फार असतं ना? आणि तिकडे जाऊन तू करणार काय? पहिल्याचं उत्तर सोपं होतं. डिसेंबर होता, आणि यवतमाळला उतरले तेव्हा स्टँडवरची माणसं कानटोप्या घालून कागद-काड्यांच्या शेकोटीभोवती उभी होती. दुसऱ्याचं उत्तर मी गुळमुळीत द्यायचे. "नमुने आणायचेत," म्हणायचे. कसले, असं कुणी विचारलंच तर "रक्ताचे" म्हणून थांबायचे. शौचाचेही आणायचे होते, पण ते जेवणाच्या टेबलावर सांगण्यासारखं नव्हतं.

मी आतड्याच्या एका आजारावर काम करते. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, व्रण पडतात, रक्त जातं, माणसाला वेळी-अवेळी धावावं लागतं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शरीराची राखण करणारी फौजच स्वतःच्या आतड्यावर उलटते. ती का उलटते, हे अजून कुणालाही नीट ठाऊक नाही. आमच्या प्रयोगशाळेत या प्रश्नाचा एक बारीकसा धागा आम्ही धरून बसलो आहोत. त्याचं नाव मायक्रोआरएनए.

यवतमाळला माझी कॉलेजातली मैत्रीण शैला पोटविकारांची डॉक्टर आहे. तिच्या घरात आजोबांपासून सगळे कोर्ट-कचेऱ्यांत आणि शिक्षण खात्यात नोकऱ्या केलेले. पहिली डॉक्टर ही. मी हातपाय धुऊन येईपर्यंत तिनं पोह्यांची बशी पुढे ठेवली होती. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग.

"खा. हे तुमचे साखर घातलेले पोहे नाहीत," ती म्हणाली.

दुसऱ्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शैला हसली. त्या प्रवासात आम्ही मनापासून हसलो ते बहुधा तेवढंच. कारण लगेच तिनं विचारलं, "विलासच्या आकड्याचं काय करायचं ठरवलंस?"

हा विलास कोण, ते सांगायला हवं. उमरखेडजवळच्या एका शेतकरी घरातले विलास आणि रमेश हे जुळे भाऊ. एकाच गर्भाचे दोन झालेले, म्हणून जनुकं अगदी एकसारखी. रमेशला काही वर्षांपासून हा आजार आहे. विलास ठणठणीत, यवतमाळच्या बाहेर लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला. आमच्यासारख्यांना अशी जोडी म्हणजे घबाड वाटतं. दोघांची जनुकं तीच, मग एकच का आजारी पडला? याचं उत्तर जनुकांत नसेल, तर जनुकांवर लगाम ठेवणाऱ्या गोष्टींत असेल, आणि मायक्रोआरएनए ही त्यांतलीच एक.

शैलानं आदल्या वर्षी दोघांचे नमुने पुण्याला पाठवले होते. रमेशच्या नमुन्यात काही मायक्रोआरएनए वाढलेले निघाले, ते अपेक्षितच होतं. पण विलासच्याही नमुन्यात तेच वाढलेले होते, जवळजवळ भावाइतकेच. याचे दोन अर्थ निघत होते. डबा आमच्याकडे पोचला तेव्हा नमुने गोठलेले ठेवणारा आतला कोरडा बर्फ उडून गेला होता, तेव्हा नमुना खराब होऊन आकडा चुकला असेल. किंवा विलासच्या आतड्यात काहीतरी सुरू झालं असेल आणि ते त्याचं त्यालाही ठाऊक नसेल. नक्की काय, ते कळावं म्हणून या वेळी मी स्वतः डबा घेऊन आले होते.

"सांगता तर येत नाही," मी म्हणाले. संशोधनातला आकडा म्हणजे निदान नव्हे. तो माणसाला सांगायचा नाही, अशी आमची अट असते. तिला कारणही आहे. असा आकडा खोटा ठरला तर एखाद्या धडधाकट माणसाची झोप आपण उगाच उडवलेली असते.

"उन्हाळ्यात त्याचं लग्न आहे," शैला म्हणाली. "केळापूरची मुलगी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. फार खूश आहे गं तो."

मी उरलेले पोहे संपवले. तिखट आता लागत नव्हतं.

उमरखेडच्या वाटेवर

सकाळी विलास मला न्यायला आला. बेताच्या उंचीचा, कोरीव मिश्यांचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. रजा काढून आला होता.

"नमस्कार मॅडम. तो डबा माह्याकडं द्या. तुमी फक्त तुमची पर्स सांभाळा."

थर्माकोलच्या त्या डब्यात नागपूरहून मागवलेला कोरडा बर्फ होता. झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ निघे, आणि एसटीत बसल्यापासून सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच. कंडक्टरनं विचारलं, "मच्छी हाय का जी?" मागच्या बाकावरच्या आजीबाई आपल्या नातीला म्हणाल्या, "कुलफी असंन." विलासनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "पुन्याची लस हाय." त्यानंतर आमच्या शेजारी कुणी बसलं नाही आणि आर्णीपर्यंत आम्ही ऐसपैस गेलो.

बाहेर कापसाची वेचणी चालू होती. ओढणीच्या झोळ्या कमरेला बांधून बाया ओळीनं सरकत होत्या. तुरी डोक्याइतक्या वाढून पिवळ्या फुलल्या होत्या. मध्येच सागाचं जंगल लागे. त्याची मोठाली पानं वाळून तांबूस झालेली, काही झाडं पार उघडी. आमच्याकडे घाटात जंगल म्हणजे हिरवं, ओलं. इथलं जंगल हिवाळ्यातच दमलेलं दिसत होतं.

विलास प्रतिभाबद्दल बोलत होता. तीच त्याची केळापूरची. "तिले गानं येते. मले नाई येत. आमच्या दोघाइत एकालेच येते, म्हून जमते." मी हसले. त्याचं बोलणं मला आवडत होतं, आणि जितकं आवडत होतं तितकी मी खिडकीबाहेर बघत होते.

आर्णीला बस थांबली तशी तो घाईनं उतरला. मी चहा घेतला. कंडक्टरनं घंटी मारली तरी त्याचा पत्ता नाही. मी ओरडून बस थांबवली. स्टँडमागच्या संडासाच्या बाजूनं तो धावत आला, कपाळावर घाम. "फोन आलता," म्हणाला. महागावलाही तसंच झालं. तिथं मी भजी घेतली होती, पण त्यानं एकही तोंडात घातलं नाही. सकाळीच पोटभर जेवलो म्हणाला.

मी या आजारावर काम करते. मला ते तिथंच ओळखता यायला हवं होतं. पण माझ्या कामात माणसं फार कमी भेटतात. मला भेटतात त्या नळ्या.

पैनगंगेकाठी

उमरखेडहून ऑटोनं वावरात गेलो. वावर म्हणजे शेत, आणि शेतातच घर. पलीकडे पैनगंगा आणि तिच्या पल्याड मराठवाडा. हळदीची पानं पिवळी पडून वाकलेली होती.

रमेश अंगणात उन्हात खाटेवर पडला होता. मला पाहून उठून बसला. मी त्याच्याकडे बघितलं, विलासकडे बघितलं. चेहरा तोच होता. तेच नाक, तीच हनुवटी. पण एकावर मांस होतं आणि दुसऱ्यावर नुसती कातडी.

"पायताय नं?" रमेश म्हणाला. "लोक म्हन्तात, हा लग्नाआधीचा फोटू आन् मी लग्नानंतरचा. माह्यं तं लग्नच नाई झालं."

त्याच्या आईनं, सुमनबाईंनी, मला ओढूनच घरात नेलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, चहा घेणार का म्हणून. इथं विचारत नाहीत. पुढ्यात ताट येतं. ओल्या तुरीचे दाणे घालून केलेली वांग्याची भाजी, कढीतले गोळे, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. "घ्या नं बाई, लाजू नका," असं म्हणत त्या वाढत राहिल्या. रमेशपुढे मऊ भात आणि ताक. तो माझ्या ताटाकडे बघत नव्हता. मी इतकं चविष्ट जेवण इतक्या अवघडून कधी जेवले नव्हते.

सुरुवातीला रमेशवर मूळव्याधीचा इलाज झाला होता. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या कुणा वैदूच्या पुड्या, मग कुणाचं तेल, मग एका दूरच्या गावातला झाडपाला. शैलापर्यंत तो पोचला तोवर बराच उशीर झाला होता. गोळ्यांनी सूज उतरे आणि गोळ्या कमी केल्या की दुप्पट चढे. आता शैला आणि नांदेडचे सर्जन, दोघंही सांगत होते की आतडं काढून टाका, मग शौच पोटावर लावलेल्या पिशवीत जमा होईल. तो तयार नव्हता.

दुपारी त्यानं मला विचारलं, "मॅडम, तुमी आमच्या रक्तात काय शोधून राह्यल्या? शैलाबाईनं सांगतलं होतं, पन आमाले काई समजलं नाई."

मी सांगायचा प्रयत्न केला. पेशीतलं जनुक म्हणजे मालक. तो हुकूम सोडतो, त्याची एक नक्कल निघते आणि काम करणाऱ्यांकडे जाते. मायक्रोआरएनए हे अगदी चिमुकले तुकडे त्या नकलेला वाटेतच चिकटतात. मग हुकूम अर्धवट पोचतो, किंवा पोचतच नाही. हे चांगलंच असतं, कारण प्रत्येक हुकूम सतत चालू राहून चालत नाही. पण हे तुकडे भलतेच वाढले, की सूज उतरवण्याचा हुकूमच अडकतो. आतड्याच्या अस्तराची वीण सैल पडते आणि आतड्यातली घाण अस्तरापलीकडे झिरपते.

रमेश ऐकत होता. "म्हंजे मालकानं सांगतलं, मोटर बंद कर. आन् मधातल्या मान्सानं निरोपच नाई देला. मंग रातभर पानी चालू."

"साधारण तसंच."

"आन् ह्याच्या पोटातला मधातला मानूस इमानदार." त्यानं विलासकडे मान वळवली.

विलास उठला. "मी रक्तवाल्याले घेऊन येतो," म्हणून मोटरसायकल काढून तो गावात गेला.

रमेशनं धूळ बसू दिली. मग आई आत आहे ना, हे बघून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, त्यालेबी सुरू झालं."

"कशावरून?"

"आल्यापासून दोन डाव तुरीत गेला. जेवताना भाकर कुस्करते आन् कुत्र्याले टाकते. मीबी असंच करत होतो, आईले समजू नये म्हून." तो थांबला. "आन् त्याचं तोंड. हे तोंड मी आरशात पायलं हाय. कोनाले नाई समजनार, मले समजते."

माझ्या कानात त्या वाढलेल्या आकड्याची घंटा वाजत होती.

"तुमी सांगा त्याले. दवाखान्यात जा म्हना. मी म्हनलं, तं तो म्हनन, आधी तू ऑपरेशन कर."

"मग करा ना, रमेशभाऊ."

"पोटावर पिशवी बांधून मी कोनाच्या दारात जाऊ?"

पिशवी लावून ट्रॅक्टर चालवणारे, नोकरी करणारे, मुलंबाळं असलेले लोक मला ठाऊक आहेत, असं मी त्याला सांगितलं. कितीतरी वेळ सांगितलं. बियाणं विकायला आलेल्या माणसाचं ऐकावं तसं त्यानं ते अदबीनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "ह्या मधातल्या मान्सावर औषध नाई निंघालं काय अजून?"

"नाही. शोधतायत."

"शोधा. मी हायच इथं."

पॅथॉलॉजीवाला आला, दोघांचं रक्त काढून गेला. शौचाचा नमुना रमेशनं दिला. विलास म्हणाला, "मी मागच्या साली देला नं. तेवढा पुरे." मी आग्रह केला नाही. रात्री मला पाहुणीची खोली दिली, नवी चादर घातली. भिंतीपलीकडे रमेश उठायचा, कडी वाजायची, आणि त्याच्यामागोमाग कंदील घेऊन जाणाऱ्या आईच्या चपलांचा आवाज यायचा.

सकाळी विलास मला नदी दाखवायला घेऊन गेला. धुकं होतं. पाणी बेताचंच, दगडांतून वाहत होतं, आणि पलीकडच्या काठावर कुणी बैल धूत होतं. विलासच्या मनात वेगळंच होतं.

"मॅडम, उद्या तुमी केळापूरले चला. प्रतिभाच्या बाबाइच्या मनात किंतु हाय. जुळा भाऊ आजारी, म्हून. तुमी पुन्याच्या शास्त्रज्ञ. तुमी सांगतलं का विलासले काई होत नाई, तं ते मानतीन."

"ते मी सांगू शकत नाही."

"काहून? तुमीच तं म्हनल्या, लागत नाई एकाचं दुसऱ्याले."

"लागत नाही. आणि जुळ्यांतसुद्धा बहुतेक वेळा दुसऱ्याला होत नाही. पण तुम्हाला होणार नाही, असं मला सांगता येत नाही, विलासभाऊ."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुमाले काई मालूम हाय काय?"

त्या वेळी मला अट आठवत होती, तिच्यामागचं कारणही आठवत होतं. आणि समोर एक माणूस उभा होता. त्यानं कालपासून काही खाल्लं नव्हतं. मी सांगून टाकलं. आदल्या वर्षीच्या नमुन्यात काय दिसलं ते सांगितलं, आणि बर्फ उडून गेला होता, त्यामुळे त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे मलाही माहीत नाही, हेही सांगितलं.

तो एका दगडावर बसला. बराच वेळ पाण्यात खडे टाकत राहिला.

"दिवाळीपासून रक्त जाते," तो म्हणाला. "मले वाटलं, तिखटानं असंन. मंग वाटलं, लग्न होऊ दे, मंग पाहू." आणि एकदम आवाज चढला. "तुमाले साल झालं मालूम होतं. सांगतलं काहून नाई?"

"त्याचा अर्थ काय, तेच मला कळलं नव्हतं."

"आन् आता?"

"अजूनही पुरतं कळत नाही. पण रक्त जातंय, त्याचा अर्थ शैलाला कळेल. आजच जाऊ."

"नाई," तो उठत म्हणाला. "आधी केळापूर. तिले सांगतो. मंग घाला पोटात नळी."

केळापूर

एसटीनं पांढरकवड्यापर्यंत आणि तिथून ऑटोनं केळापूर. वाटेत रस्त्याच्या कडेला बाया घोळक्यानंच शेतात जाताना दिसल्या. ऑटोवाला म्हणाला, वाघाच्या भीतीनं कोणी एकटं वेचणीला जात नाही आता. देवीच्या देवळापुढून गेलो. विलासनं बाहेरूनच हात जोडले, पण उतरला नाही.

प्रतिभाचे वडील तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. घर नीटनेटकं, दारात तुळस, भिंतीवर शाळेचा बक्षिसाचा फोटो. त्यांनी मला मोठ्या मानानं बसवलं. चिवडा आला, चहा आला. प्रतिभा दाराशी उभी राहिली. सावळी, उंच, कपाळावर बारीक टिकली. तिच्याकडे पाहून विलासचा चेहरा असा उजळला, की मला मान खाली घालावी लागली.

चहाचा कप खाली ठेवून विलासनंच सुरुवात केली. फिरवाफिरव केली नाही. "बाबा, मलेबी रमेशसारखं सुरू झालं. अजून तपासलं नाई. पन तेच असंन."

बाहेर कुणाच्या तरी घरी गिरणी चालू होती, तिचा आवाज येत राहिला.

प्रतिभानं विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीत तुमी आमच्याकडे जेवले. आईनं झणझणीत मटन केलं होतं. तेव्हा होतं?"

"होतं."

"मंग खाल्लं काहून?"

"तुमी वाढलं म्हून."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

तिच्या वडिलांनी माझ्याकडे वळून शांतपणे प्रश्न विचारले. या आजारानं माणूस मरतो का? मुलांना होतो का? जन्मभर औषध घ्यावं लागतं का? मी एकेकाचं खरं उत्तर दिलं. बहुतेक लोक पूर्ण आयुष्य जगतात. मुलांना होण्याची शक्यता थोडी वाढते, पण बहुतेकांना होत नाही. औषध बहुधा जन्मभर. रमेशचं इतकं बिघडलं ते उशिरामुळे. विलासचं सुरुवातीलाच हाती लागलंय.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या आहात. तुमाले मुलगी आहे?"

"आहे."

"तुमी द्याल?"

माझी मुलगी पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. "तिनं ठरवलं तर मी अडवणार नाही," मी म्हणाले. वाक्य बरोबर होतं, पण ते म्हणण्याआधी मी थांबले होते, आणि तेवढं थांबणं त्या गृहस्थांनी पाहिलं होतं. ते रागावले नाहीत. उलट माझी कीव आल्यासारखं त्यांनी मान हलवली.

आम्ही निघालो. विलास ऑटोवाल्याला बोलवायला पुढे गेला. प्रतिभा फाटकापर्यंत आली आणि त्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं मला म्हणाली, "मॅडम, ह्यांचं त्यांच्या भावासारखं होईल काय?"

"लवकर औषध सुरू झालं, तर बहुधा नाही."

"बहुधा," ती म्हणाली. एवढंच. मग फाटक लावून आत गेली.

आमच्या धंद्यात हा शब्द आम्ही फार मानतो. तो लिहिल्याशिवाय आमचं कोणतंही वाक्य पुरं होत नाही. त्या मुलीच्या तोंडून ऐकला तेव्हा त्याचं वजन मला पहिल्यांदा कळलं.

आम्ही यवतमाळला पोचायच्या आतच तिच्या वडिलांचा फोन आला. बोलणं अत्यंत सभ्य होतं. "आमचा नाइलाज आहे," असं ते म्हणाल्याचं विलासनं सांगितलं. नंतर तो खिडकीला डोकं टेकून बसला. कुणाला वाटलं असतं, झोपला आहे.

दुसऱ्या दिवशी शैलानं नळी घालून त्याची तपासणी केली. पडद्यावर आतड्याचं अस्तर दिसत होतं, लाल, ओलसर, जरा टेकलं तरी रक्त येणारं. पण फक्त शेवटच्या भागात. वरचा सगळा भाग निरोगी, गुलाबी. "हे सांभाळता येईल," शैला म्हणाली. या सगळ्या प्रवासातली हीच एक बरी बातमी. विलासनं ती गोळ्यांच्या पाकिटासारखी खिशात घातली आणि लोहाऱ्याच्या पाळीवर निघून गेला.

मी डबा घेऊन परतले. या वेळी बर्फ टिकला होता.

परत आल्यावर

पुण्याला येऊन मी नमुने यंत्रावर चढवायच्या आतच शैलाचा फोन आला. रमेशचं पोट फुगलं होतं. आतडं इतकं ताणलं गेलं होतं की कधीही फुटेल अशी अवस्था. नांदेडला हलवलं, आणि आता पिशवी नको म्हणायला तो शुद्धीवरच नव्हता. सर्जननं आतडं काढलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण पोटात पसरलेला संसर्ग आवरला नाही.

"गेला गं," शैला म्हणाली.

त्याच्या नमुन्यांचे आकडे त्यानंतर आले. वाढलेलेच होते. विलासचेही वाढलेले, म्हणजे आदल्या वर्षीचा आकडा बहुधा खरा होता. माझे सहकारी खूश झाले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अशाच आकड्यांतून कधीतरी एखाद्या विलासला दिवाळीच्या आधी सांगता येईल. त्यासाठीच आम्ही हे करतो. पण त्या दिवशी मला त्या खोलीत थांबवेना.

यवतमाळला मी पुन्हा अजून गेले नाही. विलासशी मात्र अधूनमधून बोलणं होतं. रक्त थांबलं आहे, वजन वाढलं आहे. प्रतिभाचं लग्न वणीकडच्या एका शिक्षकाशी झालं, हे त्यानंच सांगितलं.

परवा त्यानं पहिल्यांदाच व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर एक दाढीवाला माणूस दिसला. दाट, काळीभोर, गळ्यापर्यंत आलेली दाढी. मी ओळखलंच नाही. चुकून कुणाचा तरी लागला असं समजून मी फोन ठेवणार होते.

"मॅडम, मी विलास."

"अहो, ही दाढी कशाला? कंपनीत चालते का?"

"नाई चालत. साहेबाइले विनंती केली." तो वावरातच होता. मागे तुरीच्या तुराट्यांचा ढीग दिसत होता, आणि सुमनबाई पाठमोऱ्या बसून काहीतरी निवडत होत्या. विलासनं एकदा तिकडे बघितलं आणि फोन तोंडाजवळ आणला.

"दवाई लागू पडली, मॅडम. गाल भरले. रमेश आजारी पडायच्या आधी असाच दिसे. मी दर सुट्टीले घरी येतो, आन् आई माह्या तोंडाकडं पाहून जेवन सोडून उठते. म्हनते काई नाई. उठते फक्त. म्हून वाढवली. आता बसते ताटावर."